डिफॉल्टला कारण विचारावे : टर्मिनल मल्टिप्लेक्सरची मांडणी आणि रंगसंगती

प्रस्तावना

टीमक्स पहिल्यांदा सुरू केला की पडद्याच्या तळाशी हिरवी पट्टी येते. डावीकडे चौकटी कंसात शून्य. शेजारी पुन्हा शून्य, दोन टिंबे, शेलचे नाव आणि त्याला चिकटलेली चांदणी. उजव्या टोकाला अवतरणात यंत्राचे नाव, मग वेळ आणि तारीख. पुष्कळांची या प्रोग्रामशी ओळख इथे होते आणि वर्षानुवर्षे इथेच राहते. बाकीचे पहिल्याच आठवड्यात कुणाची तरी तयार कॉन्फिग फाइल उतरवून घेतात आणि पट्टी जांभळी, निळी, बाणांची होऊन जाते. दोन्ही गटांत एक गोष्ट समान असते : पट्टी आधी तशी का होती, हे कुणी विचारलेले नसते.

हे पुस्तक तो प्रश्न विचारू पाहणाऱ्यांसाठी आहे. मल्टिप्लेक्सर आपल्या सोयीचा करून घेणे ही हौस आहे, हे मान्यच. पण त्यात अभ्यासण्याजोगेही पुष्कळ आहे. प्रत्येक डिफॉल्ट हा कधीतरी, कुणीतरी, एका विशिष्ट यंत्रापुढे बसून घेतलेला निर्णय असतो. त्याचे कारण कळले की तो ठेवायचा की बदलायचा हे नीट ठरवता येते; आणि बदललाच तर आपल्या बदलाचे कारणही आपल्याला सांगता आले पाहिजे. ज्या मांडणीमागची कारणे मालकाला ठाऊक असतात ती दुरुस्त करता येते. नुसती उतरवलेली मांडणी मोडली की फेकून द्यावी लागते. एवढेच या पुस्तकाचे म्हणणे आहे. पुढची प्रकरणे म्हणजे त्याचा विस्तार.

मल्टिप्लेक्सर काय करतो

एका टर्मिनलमध्ये अनेक टर्मिनले चालवणारा प्रोग्राम म्हणजे टर्मिनल मल्टिप्लेक्सर. त्याचे दोन भाग असतात. सर्व्हर पार्श्वभूमीत चालत राहतो आणि प्रत्येक शेलला एक स्यूडो-टर्मिनल देतो. क्लायंट तेवढा आपल्या पडद्यावर चित्र उमटवतो. एसएसएचचे कनेक्शन तुटले की कर्नल त्या टर्मिनलवरच्या प्रोग्रामांना हँगअपचा सिग्नल पाठवतो आणि एरवी ते तिथेच संपतात. मल्टिप्लेक्सर असेल तर तुटते ते फक्त क्लायंटचे टर्मिनल. आतल्या प्रोग्रामांची टर्मिनले सर्व्हरच्या ताब्यात असल्याने त्यांना काही कळतही नाही. पुण्यात आयसरच्या ‘परम ब्रह्म’ महासंगणकावर काम करणारा विद्यार्थी त्या यंत्रासमोर बसत नाही. दूरवरून लॉग-इन करतो. वसतिगृहाचे वायफाय मध्येच गेले तरी त्याचे अर्धवट संपादन, उघडलेल्या फाइली, आज्ञांचा इतिहास जागच्या जागी राहतो तो यामुळे.

सर्व्हरमध्ये सेशने असतात, सेशनमध्ये विंडो, विंडोत पेन. ही उतरंड लक्षात ठेवावी, कारण मांडणीचे बहुतेक पर्याय याच पायऱ्यांवर लागू होतात. काही सर्व्हरपुरते, काही सेशनपुरते, काही विंडोपुरते, आणि टीमक्सच्या ३.० आवृत्तीपासून काही एकेका पेनपुरतेही. ‘मी बदल केला पण दिसत नाही’ या तक्रारीच्या मुळाशी अनेकदा पर्याय चुकीच्या पायरीवर दिलेला असतो.

थोडा इतिहास

या घराण्यातला मूळ पुरुष स्क्रीन. १९८७ मध्ये बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात ऑलिव्हर लाउमान आणि कार्स्टन बोरमान यांनी तो लिहिला. पुढे तो ग्नू प्रकल्पाचा भाग झाला. तेव्हाचे टर्मिनल ही टेबलावरची वस्तू होती. डेक कंपनीचे १९७८ चे व्हीटी-१०० हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध : ८० स्तंभ, २४ ओळी, एकच रंग. आज टर्मिनल हा एक सॉफ्टवेअर प्रोग्राम झाला असला तरी तो अजून स्वतःला त्याच यंत्राचा वंशज म्हणवतो आणि त्याच धर्तीच्या संकेतमालिका ओळखतो. एका टर्मिनलवर एकच काम ही अडचण स्क्रीनने सोडवली. मात्र डिफॉल्ट स्थितीत स्क्रीन तळाशी काहीच दाखवत नसे. पट्टी हवी तर वापरणाऱ्याने आपल्या फाइलीत ती मागवायची, आणि रंग सांगायची भाषा एकाक्षरी : छोटे अक्षर असेल तर साधा रंग, मोठे असेल तर उजळ. अशी ओळ लिहून महिना झाला की लिहिणाऱ्यालाही ती वाचता येत नसे.

निकोलस मॅरियट यांनी २००७ मध्ये टीमक्सला सुरुवात केली आणि २००९ मध्ये ओपनबीएसडीच्या ४.६ आवृत्तीत तो मूळ प्रणालीचाच भाग बनला. त्याची पट्टी पहिल्यापासून दिसते आणि त्याच्या फाइलीत रंगांची नावे शब्दांत लिहिता येतात. सजावटीची संस्कृती टीमक्सभोवती फोफावली त्याला या दोन गोष्टींचा हातभार मोठा आहे. २००९ च्याच सुमारास उबुंटूच्या वर्तुळात डस्टिन कर्कलंड यांनी बायोबू आणला. तो आधी स्क्रीनवर आणि नंतर टीमक्सवर चढवलेला तयार साज होता. बॅटरी, मेमरी, येऊ घातलेले अपडेट अशी माहिती पट्टीत आयती मिळू लागली. रस्ट भाषेत लिहिलेला झेलिज २०२१ पासून लोकांच्या हाती आला. त्याने नवख्याच्या अडचणीला थेट हात घातला : आत्ता कोणत्या कळा चालतील हे तो तळाशी लिहूनच दाखवतो. या पुस्तकातली बहुतेक उदाहरणे टीमक्सची आहेत, कारण त्याचे डिफॉल्ट सर्वांत जास्त वापरले गेले आणि सर्वांत जास्त बदललेही गेले.

तीन डिफॉल्ट, तीन कारणे

मुद्दा नुसता सांगून पटणारा नाही, म्हणून तीन उदाहरणे जवळून पाहू.

पहिले प्रिफिक्स कळेचे. टीमक्सला आज्ञा द्यायची तर आधी कंट्रोल-बी दाबावे लागते. बोटांना हे अंतर अडचणीचे, आणि म्हणून हजारो कॉन्फिग फाइलींची पहिली ओळ ती कळ बदलून कंट्रोल-ए करते. मग मॅरियट यांनी कंट्रोल-ए का नाही ठेवली? कारण टीमक्सचा पहिला नमुना स्क्रीनच्या आत बसून लिहिला गेला आणि कंट्रोल-ए ही स्क्रीनची कळ होती. दोघांची टक्कर नको म्हणून शेजारचे अक्षर घेतले. आता ज्याने स्क्रीन कधी उघडलाही नाही त्याच्या दृष्टीने हे कारण संपलेले आहे. पण दुसरी बाजूही तपासावी. बॅशमध्ये कंट्रोल-ए ओळीच्या सुरुवातीला नेते. लांबलचक आज्ञा दुरुस्त करणाऱ्याला ती दिवसभर लागते. कंट्रोल-बी एकच अक्षर मागे नेते, ते काम बाणाची कळही करते. तेव्हा कंट्रोल-ए घ्यायची तर काय गमावतो आहोत हे माहीत असावे. काही जण दोन्ही सोडून कंट्रोल-स्पेस घेतात. कोणतेही उत्तर चूक नाही. चूक एवढीच की प्रश्न न विचारता उत्तर उतरवणे.

दुसरे उदाहरण एस्केप-टाइम या पर्यायाचे. टीमक्समध्ये व्हिम उघडून एस्केप दाबले की एडिटर क्षणभर थबकल्यासारखा वाटतो, ही वर्षानुवर्षांची तक्रार. गोम अशी की एस्केप कळ टर्मिनलकडे २७ हा एकच बाइट पाठवते, आणि वरचा बाण दाबला तरी पहिला बाइट तोच असतो. त्यामागून चौकटी कंस आणि एक अक्षर येते. म्हणून नुसते २७ आले की मल्टिप्लेक्सरला थांबून पाहावे लागते : मागून आणखी काही येते आहे, की माणसाने खरोखर एस्केप दाबले? किती थांबायचे हा अंदाजाचा भाग. टीमक्स बराच काळ ५०० मिलिसेकंद थांबत असे. संथ जोडणीवर बाणाचे तुकडे उशिरा पोहोचले तरी ते एकत्र धरले जावेत, यासाठी ही सावधगिरी. वेगवान जोडणीवर मात्र अर्धा सेकंद म्हणजे बोटाला जाणवणारा खोळंबा. लोक आपापल्या फाइलीत हा आकडा कमी करत राहिले आणि अखेर २०२४ मधल्या ३.५ आवृत्तीत डिफॉल्टच १० मिलिसेकंदांवर आला. जुने कारण मागे पडले, तसा निर्णय बदलला. ज्यांच्या फाइलीत ही ओळ अजून आहे त्यांनी नव्या आवृत्तीवर ती काढली तरी चालते. पण ती का लिहिली होती हे ठाऊक असेल तरच हे कळणार.

तिसरे उदाहरण शून्यापासूनच्या मोजणीचे. संगणकाच्या जगात पहिला क्रमांक शून्य असणे ही रूढ गोष्ट. पण विंडो बदलायला आपण अंकाची कळ दाबतो, आणि कळफलकावर शून्य नवाच्याही उजवीकडे, पार टोकाला असते. म्हणजे पट्टीत सर्वांत डावीकडे दिसणारी विंडो बोटांना सर्वांत उजवीकडे सापडते. मोजणी एकापासून सुरू करणारी ओळ डोळा आणि हात यांचा मेळ घालते. इतका लहान बदल, पण त्याचे कारण एका वाक्यात सांगता येते, आणि कॉन्फिग फाइलीत अशीच ओळ असावी.

रंग कुणाचा

रंगांच्या प्रांतात आल्यावर गुंतागुंत वाढते, कारण इथे तीन मालक असतात. बाहेर टर्मिनल प्रोग्राम, मध्ये मल्टिप्लेक्सर, आत व्हिमसारखा एखादा प्रोग्राम. आपण फाइलीत ‘लाल’ लिहिले तरी तो लाल नेमका कोणता, हे टीमक्स ठरवत नाही. तो बाहेर एवढेच सांगतो की लाल लाव. कोणता लाल लावायचा ते टर्मिनलच्या रंगपेटीवर अवलंबून. मूळ रंग आठ, त्यांच्या उजळ छटा धरून सोळा. पुढे २५६ रंगांची सोय झाली : हे १६, त्यावर लाल-हिरवा-निळा यांच्या प्रत्येकी सहा पायऱ्यांतून होणारे २१६, आणि करड्याच्या २४ छटा. टीमक्सच्या २.२ आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, चोवीस बिटांचे पूर्ण रंगही वापरता येतात. ती संख्या १ कोटी ६७ लाखांवर जाते.

इथे अभ्यासकापुढे खरा पेच उभा राहतो. सोळा नावांपैकी रंग वापरले तर पट्टी टर्मिनलच्या रंगसंगतीबरोबर बदलते; दिवसा पांढरी आणि रात्री काळी पार्श्वभूमी घेणाऱ्याला हे सोयीचे. आकड्यांनी नेमका रंग सांगितला तर तो हुकमी मिळतो, पण टर्मिनल बदलले की पट्टी परक्यासारखी दिसते. मूळ हिरवी पट्टी या पेचात पहिल्या बाजूला आहे. तिचा हिरवा आणि अक्षरांचा काळा दोन्ही पहिल्या आठांतले, म्हणून कोणत्याही रंगीत टर्मिनलवर ती उमटते. दिसायला ती रूक्ष असेल, पण कुठेही अडत नाही.

एथन शूनोव्हर यांची २०११ मधली सोलराइज्ड ही रंगसंगती या पेचावर शोधलेल्या उत्तरांपैकी सर्वांत विचारपूर्वक असलेले एक उत्तर आहे, आणि तिच्यातली फटही तितकीच शिकवणारी. आठ तटस्थ छटा आणि आठ ठळक रंग, असे मिळून सोळा. उजेडाच्या मापावर त्या छटा अशा बसवल्या आहेत की गडद पार्श्वभूमीवरून फिकीवर गेले तरी मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक तेवढाच राहतो. मात्र सोळाच्या पेटीत तटस्थ छटा बसवायच्या तर जागा कुठून आणायची? ती उजळ रंगांकडून घेतली. परिणाम असा की एखाद्या प्रोग्रामने ‘उजळ हिरवा’ मागितला तर सोलराइज्डमध्ये करडा मिळतो. आणि ‘उजळ काळा’ मागितला तर तो गडद मांडणीच्या पार्श्वभूमीचाच रंग, म्हणजे मजकूर गायब. मल्टिप्लेक्सरच्या पट्टीतला एखादा तुकडा दिसेनासा झाला तर दोष टीमक्सचा समजून तासन्‌तास घालवणारे असतात. रंगपेटीचा इतिहास माहीत असणाऱ्याला कारण लगेच सापडते.

तिरप्या अक्षरांची कथा याच जातीची. मल्टिप्लेक्सर आतल्या प्रोग्रामांना ‘मी अमुक प्रकारचे टर्मिनल आहे’ असे सांगतो आणि ते प्रोग्राम त्या नावाचे वर्णन टर्मइन्फोच्या कोठारातून वाचतात. टीमक्स बराच काळ आपले नाव ‘स्क्रीन’ सांगत आला. पण स्क्रीनच्या वर्णनात, जी संकेतमालिका इतरत्र तिरपी अक्षरे देते, तीच उठावदार मजकुरासाठी नोंदलेली होती. त्यामुळे तिरपा हवा तिथे रंग उलटलेला मजकूर येई. टीमक्सच्या नावाचे वेगळे वर्णन आल्यावर हा घोळ मिटला, पण दुसरा उभा राहिला : दूरच्या जुन्या यंत्रावर ते नवे वर्णनच नसेल, तर तिथे पडदा पुसण्याची साधी आज्ञाही नकार देते. म्हणून कॉन्फिग फाइलीतली टर्मिनलच्या नावाची ओळ ही शोभेची नसते. ती कोणत्या यंत्रांशी बोलायचे आहे याचा निर्णय असते, आणि तो आपल्या रोजच्या यंत्रांकडे पाहूनच घ्यावा.

रंगाला काम द्यावे

ड्रॅक्युला, नॉर्ड, ग्रुवबॉक्स, कॅटपुचिन ही नावे आज या क्षेत्रात घरोघरी झाली आहेत. त्यांतली कोणती चांगली यावर हे पुस्तक निकाल देत नाही. ते विचारते ते एवढेच : पट्टीतला प्रत्येक रंग काय सांगतो आहे?

टीमक्समध्ये एका विंडोतल्या सर्व पेनांत एकदम टंकण्याची सोय आहे. दहा सर्व्हरवर एकच आज्ञा द्यायची तर ती वरदान. चालू आहे हे विसरलात तर फाइल पुसण्याची एक आज्ञा दहा ठिकाणी जाते. ती सोय चालू असताना पट्टीचा एक तुकडा लाल होईल असे सशर्त सूत्र लिहिता येते. प्रिफिक्स कळ दाबली गेली आहे, पेन कॉपी मोडमध्ये आहे, एखादे पेन झूम करून बाकीची झाकली आहेत, या स्थितीही अशाच दाखवता येतात. ग्राहकांच्या चालू यंत्रणेवर लाल पट्टी आणि चाचणीच्या यंत्रावर निळी, ही रीत तर अनेक चमूंत आहे. एसएसएचने दूरच्या यंत्रावर गेल्यावर तिथेही टीमक्स चालू असेल तर दोन पट्ट्या एकावर एक चढतात. अशा वेळी घरची पट्टी वर आणि दूरची खाली ठेवली की नजर चुकत नाही. मात्र लाल-हिरवा हा भेद ज्यांना दिसत नाही असे वाचक आपल्यातच असतात. रंगाबरोबर एखादा शब्द किंवा खूण द्यावी, म्हणजे अर्थ एकट्या रंगावर टांगलेला राहत नाही.

बाणांच्या टोकांची पट्टी, जी पॉवरलाइन नावाने ओळखली जाते, ती कशी बनते हेही पाहण्याजोगे आहे. तो त्रिकोण चित्र नसतो, अक्षर असते. युनिकोडच्या खासगी वापराच्या पट्ट्यात त्याला जागा दिलेली असते. त्या अक्षराचा रंग डावीकडच्या तुकड्याच्या पार्श्वभूमीचा, आणि त्याची पार्श्वभूमी उजवीकडच्या तुकड्याची. दोन रंगांची ही अदलाबदल अचूक जमली की तुकडे एकमेकांत घुसल्याचा भास होतो. एका तुकड्याचा रंग बदलला की शेजारचे त्रिकोणही बदलावे लागतात. ते विसरले की वेगळ्याच रंगाची खाच दिसते. आणि फॉन्टमध्ये तो त्रिकोण नसेल तर जागोजागी रिकामे चौकोन उमटतात.

पट्टीत काय भरावे यालाही हिशेब आहे. सेशनच्या नावासाठी डावीकडे डिफॉल्ट दहाच स्तंभ असतात. लांब नाव दिले की ते कापले जाते. उजवीकडे चाळीस. पट्टी दर १५ सेकंदांनी ताजी होते, आणि तीत एखादी बाहेरची आज्ञा टाकली तर तीही तितक्यांदा चालते : क्लायंट चोवीस तास जोडलेला राहिला तर ५,७६० वेळा. घरच्या लॅपटॉपवर हे खपून जाते. शेकडो जण लॉग-इन करतात अशा यंत्रावर प्रत्येकाच्या पट्टीने हवामान विचारायला सुरुवात केली तर तो भार सगळ्यांच्या वाट्याला येतो.

हिंजवडीत बसून न्यूयॉर्कच्या चमूबरोबर काम करणाऱ्याच्या पट्टीत मात्र दुसरे घड्याळ शोभून दिसते, कारण त्याला काम आहे. दोन्ही शहरांतले अंतर उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते बदलते. हे डोक्यात ठेवून बैठकीला उशीर करण्यापेक्षा पट्टीत न्यूयॉर्कची वेळ वाचावी.

देवनागरी आणि चौकटींची जाळी

मराठी वाचकासाठी या क्षेत्रात एक खास प्रकरण आहे, आणि ते अजून संपलेले नाही. टर्मिनल म्हणजे सारख्या चौकटींची जाळी. एक अक्षर, एक चौकट हे तिचे मूळ गृहीत. ‘किल्ला’ हा शब्द घ्या. वाचणाऱ्याला त्यात दोन अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये ती सहा चिन्हे आहेत : क, वेलांटी, ल, हलन्त, ल, काना. याला किती चौकटी द्यायच्या? टर्मिनल एक उत्तर देते, मल्टिप्लेक्सर कदाचित दुसरे. दोघांचा हिशेब जुळला नाही की त्या ओळीवर पेनची उभी सीमारेषा सरकते, कर्सर शब्दाच्या भलत्याच जागी उभा राहतो, आणि मराठी नावांच्या फाइलींची यादी शेजारच्या पेनमध्ये घुसते.

ही अडचण नवी नाही. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले जिस्ट तंत्रज्ञान भारतीय लिप्या अक्षर-टर्मिनलांवर आणण्यासाठीच झटत होते. १९९१ चे इस्की हे मानकही त्याच काळातले. आजचा पट्टी सजवणारा मराठी माणूस त्याच प्रश्नाच्या पुढच्या टप्प्यावर उभा आहे. त्याने निराश होण्याचे कारण नाही. टीमक्स वेळ आणि तारीख लिहिताना प्रणालीतले स्थानिक वेळेचे लोकेल पाहतो. मराठी लोकेल यंत्रावर बसवलेले असेल आणि सर्व्हर त्या लोकेलखाली सुरू केला असेल, तर वाराच्या पूर्ण नावाचे सूत्र लिहिल्यावर पट्टीत ‘मंगळवार’ उमटतो, एकही भाषांतर न करता. तो नीट बसतो की शेजारच्या तुकड्यावर चढतो, हे आपल्या टर्मिनलवर तपासावे. ती तपासणी हाच या अभ्यासातला एक चांगला पहिला प्रयोग ठरेल.

उसन्या ओळी

आपल्या कॉन्फिग फाइली जगासमोर ठेवायची एक उदार परंपरा या क्षेत्रात आहे, आणि नवख्याने तिचा लाभ जरूर घ्यावा. पण मिसळणाच्या डब्यात हळद कुठे आणि मोहरी कुठे हे ज्याच्या त्याच्या घरचे असते. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात हात अडखळतो, तसे दुसऱ्याच्या फाइलीत होते. तिच्यातल्या कळा त्याच्या कामाच्या, रंग त्याच्या टर्मिनलचे.

उसन्या ओळींचा दुसरा धोका आवृत्त्यांचा. २०१५ च्या २.१ आवृत्तीत माउसचे चार वेगवेगळे पर्याय जाऊन एकच आला. रंगांसाठी आधी अक्षर, पार्श्वभूमी आणि गुणधर्म असे तीन स्वतंत्र पर्याय होते. २०१४ च्या १.९ आवृत्तीत ते एका ‘स्टाइल’मध्ये गुंफले गेले आणि जुने आणखी काही वर्षे चालू ठेवले. २०१९ मध्ये २.९ आली, जुने काढून टाकले, आणि असंख्य फाइली एका सकाळी चुका दाखवू लागल्या. ज्यांना आपली ओळ कशासाठी आहे हे ठाऊक होते त्यांनी ती नव्या शब्दांत लिहिली. बाकीच्यांना नवी फाइल उतरवावी लागली, पुढच्या मोडतोडीपर्यंत.

त्यासाठी दोन सवयी सांगून ठेवतो, कारण त्या पुढच्या प्रत्येक प्रकरणात गृहीत धरल्या आहेत. टीमक्स आपली फाइल सर्व्हर सुरू होतानाच वाचतो. नंतर बदल केला तर ती पुन्हा वाचायला सांगावे लागते. आणि फाइलीतून ओळ काढून पुन्हा वाचायला सांगितले तरी जुना परिणाम जात नाही, कारण काढलेली ओळ कुणी उलटी फिरवत नाही. म्हणून फाइलीत काय लिहिले आहे आणि सर्व्हरमध्ये आत्ता काय लागू आहे, हे दोन वेगळे प्रश्न समजावेत. दुसऱ्याचे उत्तर पर्याय दाखवणारी आज्ञा देते. दुसरी सवय प्रयोगाची. वेगळ्या सॉकेटवर, रिकामी कॉन्फिग फाइल देऊन, दुसरा सर्व्हर उभा करता येतो. चालू काम एकीकडे सुरक्षित राहते आणि मूळ डिफॉल्ट दुसरीकडे कोऱ्या रूपात पाहता येतात.

पुस्तकाची वाट

पहिला भाग हाताचा आहे : प्रिफिक्स, कळजोड्या, पेन फोडणे आणि त्यांत हिंडणे, व्ही-आय आणि ईमॅक्स पद्धतीचा कॉपी मोड. दुसरा डोळ्याचा : रंगपेटी, स्टाइल, सशर्त सूत्रे, फॉन्ट आणि देवनागरी. तिसरा स्मृतीचा : मागच्या ओळींचा साठा, जो डिफॉल्ट २,००० ओळींचा असतो आणि वाढवला तरी आधीच उघडलेल्या पेनांना लागू होत नाही, सेशन जपणारी आणि यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर ती उभी करणारी प्लगिने, आणि एकच फाइल अनेक यंत्रांवर नांदवण्याच्या रीती. स्क्रीन आणि झेलिज वापरणाऱ्यांसाठी प्रत्येक भागाच्या शेवटी तुलना दिली आहे. ज्यांना टर्मिनल नवे आहे त्यांनी क्रमाने वाचावे. ज्यांची फाइल आधीच दोनशे ओळींची आहे त्यांनी ती शेजारी उघडून ठेवावी आणि कुठूनही सुरुवात करावी.

वाचकाकडून एकच अपेक्षा आहे. आपल्या कॉन्फिग फाइलीत नवी ओळ घालण्याआधी तिच्या वर टिपणीची एक ओळ लिहावी : डिफॉल्ट काय होते, मला ते का चालले नाही. कारण सुचले नाही तर बदल थोडा थांबवावा. कारण जुने झाले तर दोन्ही ओळी पुसाव्यात. एवढे सांभाळले तर तुमची फाइल शंभर ओळींची असो की सहा, पुढची आवृत्ती आल्यावर ती तुमची तुम्हालाच दुरुस्त करता येईल, आणि ती उतरवून घेणाऱ्यालाही तिच्यातून काही शिकता येईल.